केंद्रातून घरी आल्यावर: खेड्यातल्या माणसानं ए.ए.ची मिटिंग कशी शोधावी

राळेगाव तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. नवरा महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून घरी आला. निघताना तिथल्या समुपदेशकांनी बजावलं होतं की ए.ए.च्या म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मिटिंगला जात राहा. तो जिल्ह्याच्या ठिकाणी एकदा गेला आणि परत येऊन म्हणाला, "तिथं सगळे साहेब लोक, हिंदीत बोलतात. मले नाही जमत." त्यानंतर गेलाच नाही. दुसरा चांगला ग्रुप कुठे मिळेल, आणि मी सोबत जावं की नाही, असं त्या विचारतात.

ताई, चांगला ग्रुप कोणता हे बाहेरून कोणी सांगू शकत नाही, आणि तुमची खरी अडचण तीही नाही. सोयाबीन काढणीच्या आठवड्यात, अंग मोडून आलेलं असताना, खिशात मोजके पैसे असताना तुमचा माणूस कुठल्या मिटिंगला पोहोचेल आणि रात्री धड घरी येईल, हे आधी ठरवायचं आहे. नागपूर-पुण्यात एखाद्याला नाही आवडलं तर तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ग्रुपला जातो. आपल्याकडे एका माणसाला दोन किंवा फार तर तीन ग्रुप हाताशी असतात. म्हणून निवडीची पद्धतही वेगळी ठेवावी लागते.

मी पुढे जे सांगतो त्यातलं बरंच दोन गोष्टींवर अवलंबून आहे: तो सध्या पितो आहे का, आणि त्याला स्वतःला थांबायचं आहे का. दुसऱ्या गोष्टीचं उत्तर आज "नाही" असलं तरी पुढचं वाचा, कारण माहिती तुम्हाला काढून ठेवता येते.

पहिल्या गोष्टीबद्दल स्पष्ट सांगतो. तो पुन्हा रोज प्यायला लागला असेल तर "मिटिंगला जायचं म्हणून आजपासून एकदम बंद" असं करू नका. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, उलटी, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत. गावात याला "बाहेरचं लागलं" म्हणून मांत्रिकाकडे नेतात आणि मोलाचे तास जातात. ही जिवावरची अवस्था आहे, १०८ ला फोन करून दवाखान्यात न्यायचं. पूर्वी झटके आले असतील तर घरी सोडवायचा प्रयत्नच नको. दवाखान्यात नुसती सलाईन लावून पाठवत असतील तर बी-१ म्हणजे थायमिनचं इंजेक्शन दिलं का, हे विचारा. दारूनं शरीरातलं हे जीवनसत्त्व संपलेलं असतं आणि ग्लुकोजच्या आधी ते न दिल्यास मेंदूला इजा होऊ शकते. मिटिंग हे त्यानंतरचं काम. मिटिंग दारूपासून लांब राहायला मदत करते, अंगातली दारू उतरवायला नाही.

आता शोध. सगळ्यात सोपा धागा तुमच्या हातात आहे: ज्या केंद्रात तो राहिला तिथे फोन करा. बऱ्याच केंद्रांत ए.ए.चे सभासद येऊन मिटिंग घेतात. कोण येत होतं, ते कुठल्या गावचे, राळेगाव-कळंब-हिंगणघाट बाजूचं कोणी आहे का, हे विचारा. केंद्रानं परस्पर नंबर देऊ नये, पण तुमचा निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचवता येतो. दुसरा धागा म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालयातला मानसिक आरोग्य विभाग, किंवा तुम्हाला वर्धा जवळ पडत असेल तर सेवाग्राम आणि सावंगीच्या मेडिकल कॉलेजांची मानसोपचार ओपीडी. तिथे डॉक्टरांपेक्षा समाजसेवा अधीक्षकांना किंवा समुपदेशकांना गाठा. डॉक्टर गोळ्या लिहून देतील, पण कुठली मिटिंग कुठल्या वारी चालते हे या मंडळींना माहीत असतं. तिसरं म्हणजे फोन: व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६. दोन्ही फुकट. ए.ए.चं भारतातलं मुख्य कार्यालय मुंबईत आहे. त्यांच्या संकेतस्थळावरूनही आपल्या भागात कोणाशी बोलायचं ते कळतं. गडचिरोली जिल्ह्यातले कोणी हे वाचत असतील तर त्यांनी दारू-तंबाखूमुक्तीचं काम करणाऱ्या मुक्तिपथच्या तालुका क्लिनिकमध्ये आधी विचारावं.

शोधताना जिल्ह्याची हद्द मनात धरू नका. राळेगावच्या माणसाला यवतमाळच हवं असं नाही, हिंगणघाट-वर्धेची बाजूही बघा. वर्धा दारूबंदीचा जिल्हा म्हणून तिथे असे ग्रुप कशाला असतील, असं लोकांना वाटतं. बंदी दुकानावर असते, माणसाचं व्यसन त्यानं जात नाही. उलट बंदीच्या जिल्ह्यातला पिणारा पोलिसांच्या धाकानं मिटिंगलाही बिचकतो. ए.ए.त हजेरीपट नसतो, अर्ज नसतो, आधार कार्ड कोणी मागत नाही. दारू सोडायची इच्छा असणं, एवढी एकच अट.

पत्ता मिळाला की लगेच एसटीत बसवून देऊ नका. छापील यादीतले ग्रुप बंद पडलेले असतात, खोली बदललेली असते, वार बदललेला असतो. बंद कुलूप बघून परत आलेला माणूस पुन्हा जात नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. आदल्या दिवशी फोन करायचा. मिटिंग नक्की आहे का, किती वाजता सुटते, नेहमीचे किती जण येतात, मराठीत बोललेलं चालतं का, आणि खुली आहे की बंद? खुल्या मिटिंगला घरच्यांनाही बसता येतं, बंद मिटिंग फक्त ज्याला स्वतःला दारूचा त्रास आहे त्याच्यासाठी. शेवटी एक विनंती करायची: "नवीन माणूस येतो आहे, स्टँडवर कोणी घ्यायला येईल का?" बहुतेक ग्रुप हो म्हणतात. नव्या माणसाला मदत करणं हा त्यांच्या स्वतःच्या दारूमुक्तीचाच भाग असतो. गरज पडली तर दोघं जण घरी किंवा दवाखान्यात येऊनही भेटतात. मात्र त्यासाठी तुमच्या नवऱ्यानं स्वतः "या" म्हणायला हवं.

मग परतीची गाडी. खेड्यातल्या माणसाची मिटिंग बहुतेक इथेच मोडते. संध्याकाळची मिटिंग तास-दीड तास चालते, आठ-साडेआठला सुटते. तोवर तुमच्या गावची शेवटची एसटी गेलेली असते, किंवा अर्ध्या तासानं असते. हा अर्धा तास धोक्याचा. आत मन मोकळं केल्यानं माणूस हलका झालेला असतो आणि थकलेलाही, पोटात काही नसतं, आणि स्टँडच्या बाहेरच देशीचं दुकान असतं. मिटिंगहून परतताना प्यायला, हे ऐकून घरच्यांना वाटतं मिटिंगचा काही उपयोग नाही. उपयोग होता, जेवण नव्हतं. निघण्यापूर्वी पोटभर भाकर खाऊन जायचं, खिशात फुटाणे ठेवायचे, तिकिटापुरते आणि चहापुरतेच पैसे न्यायचे, आणि गाडीत बसेपर्यंत ग्रुपमधलं कोणीतरी सोबत थांबेल असं आधीच ठरवायचं. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चार गोष्टींत माणूस घसरतो असं ए.ए.त नव्या माणसाला सांगतात. स्टँडवर चारही एकदम येतात.

रविवारी सकाळची किंवा दुपारची मिटिंग असेल तर तीच धरा, ग्रुप थोडा लहान असला तरी. आठवडी बाजाराच्या दिवशी त्याच गावात मिटिंग असेल तर आणखी सोयीचं: गावात सांगायला कारण मिळतं आणि जाण्या-येण्याचा खर्च एकदाच होतो. पण बाजारात त्याचे जुने सोबती भेटत असतील तर हीच सोय उलटते. हे तुम्हालाच माहीत.

कोणी ओळखेल, ही भीती खरी आहे. शहरात गर्दीत लपता येतं. तालुक्याच्या गावात मिटिंगच्या दारात साडभाऊ भेटायचा. म्हणून काही जण मुद्दाम शेजारच्या तालुक्यातला ग्रुप निवडतात, वीस रुपये जास्त गेले तरी. माझ्या मते पहिल्या तीन-चार महिन्यांसाठी हे योग्यच आहे. पुढे धीर आला की जवळचा धरावा. आणि दारात साडभाऊ भेटलाच तर तोही त्याच कारणानं आलेला असतो. आत फक्त पहिलं नाव सांगायचं असतं. आपल्याकडे आडनाव सांगितलं की समोरचा मनातल्या मनात जात आणि गाव लावून मोकळा होतो, ते इथे होत नाही. खोली मात्र कुठली असेल सांगता येत नाही: शाळेचा वर्ग, समाजमंदिर, बुद्धविहार, चर्चचा हॉल, दवाखान्यातला एखादा कोपरा. खोली बघून "हे त्यांचं आहे" असं समजून बरेच लोक दारातून परततात. खोलीचा त्या धर्माशी किंवा संस्थेशी संबंध नसतो, ग्रुप भाडं भरतो. हे त्याला आधी सांगून ठेवा.

आत काय होतं हेही सांगून पाठवा, म्हणजे अर्धी भीती घरीच जाते. सुरुवातीला छोटी प्रार्थना आणि ए.ए. म्हणजे काय याचं वाचन. मग एकेक जण "माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक आहे" म्हणून आपलं सांगतो. मध्ये कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. नव्या माणसानं बोललंच पाहिजे असं नाही, "आज फक्त ऐकतो" म्हटलं की पुढच्याची पाळी. शेवटी डबा फिरतो, त्यात ज्याला जमेल तो पाच-दहा रुपये टाकतो. भाडं आणि चहा यातूनच निघतो, बाहेरची देणगी ए.ए. घेत नाही. नव्यानं काही टाकलं नाही तरी कोणी बघत नाही. संपल्यावर चहा. खरं काम बरेचदा या चहाच्या वेळी होतं, म्हणून मिटिंग सुटताच पळू नको म्हणून सांगा. तेवढ्यात दोन फोन नंबर घ्यायचे. पुढच्या आठवड्यात करीला मटण शिजत असेल आणि भाऊबंद बाटली घेऊन बसले असतील, तेव्हा मिटिंग ३० किलोमीटरवर असेल, पण फोन खिशात असेल.

आता "सगळे साहेब लोक". हे वाटणं खोटं नाही. जिल्ह्याच्या ग्रुपमध्ये बँकेतले, मास्तर, पेन्शनर जास्त असतात, कारण त्यांना संध्याकाळी वेळ असतो. पण एका मिटिंगवरून ग्रुप कळत नाही. कोण येतं ते दर आठवड्याला बदलतं. निदान सहा वेळा जाऊन बघ, मग ठरव, असं मी सांगतो. ऐकताना एवढंच लक्षात ठेवायला सांगा: समोरच्याचा पगार ऐकू नको, तो पहिला पेग कसा लपवत होता ते ऐक. कडब्यात बाटली लपवणं आणि ऑफिसच्या कपाटात लपवणं यात फरक नसतो, हे सहसा तिसऱ्या-चौथ्या वेळी लक्षात येतं. भाषेचं म्हणाल तर हिंदीत बोलणाऱ्यांना वऱ्हाडी नीट समजते. त्यानं आपल्या बोलीतच बोलावं. एकानं सुरुवात केली की कोपऱ्यातले आणखी दोघं त्याच बोलीत बोलायला लागतात.

सहा वेळांत काय बघायचं? काही वर्षं दारूशिवाय काढलेले निदान दोन-तीन जण नियमित येतात का. मध्येच पिऊन परत आलेल्याला बसवून घेतात की टोमणे मारतात. त्यातला एखादा असा आहे का, ज्याला रात्री फोन करायला संकोच वाटणार नाही? असा माणूस सापडला तर त्याला "माझा स्पॉन्सर व्हाल का" असं विचारता येतं. स्पॉन्सर म्हणजे पैसे देणारा नाही, जुना सभासद, जो बारा पायऱ्यांतून, म्हणजे दारूशिवाय जगायच्या ए.ए.च्या कार्यक्रमातून, हात धरून नेतो. पुरुषाचा स्पॉन्सर पुरुष आणि बाईची बाईच असावी.

कशावरून लांब राहायचं तेही सांगतो. मिटिंगमध्ये कोणी उसने पैसे मागत असेल, औषध किंवा पॉलिसी विकत असेल, इथलं बोलणं गावात पोहोचत असेल, तर दुसरा ग्रुप बघा. आणखी एक गोष्ट चांगल्या माणसांकडूनही होते: "मनाच्या डॉक्टरच्या गोळ्या म्हणजे दुसरी नशाच, त्या बंद कर." हे त्या माणसाचं मत असतं, ए.ए. औषधांबाबत सल्ला देत नाही. नैराश्याच्या किंवा तल्लफ कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना विचारूनच कमी करायच्या.

याच ओघात: वरणात कालवून, "न सांगता द्या" म्हणून विकली जाणारी पावडर देऊ नका. कित्येकदा त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असतं. ते पोटात असताना दारू प्याली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. आणि शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. हे औषध वाईट नाही, पण ते माणसाला सांगून, त्याच्या संमतीनं, डॉक्टरांच्या देखरेखीतच द्यायचं.

आपल्याकडे ए.ए. सोडून दुसऱ्याही वाटा आहेत. नागपूर-भंडाऱ्याकडे बाबा जुमदेवजींच्या परमात्मा एक मार्गात गेलेल्या कितीतरी घरांतली दारू गेली आहे. गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेनं किंवा तुळशीची माळ घालून सुटलेलेही गावोगाव दिसतात. ज्याची श्रद्धा आहे त्यानं जरूर जावं. गावातच, रोज, बायकापोरांसह जाता येतं, हा त्याचा मोठा फायदा आहे. अडचण येते ती शब्द मोडल्यावर. शपथ घेतलेला माणूस एकदा प्याला की लाजेनं बैठकीला जाणंच सोडतो, आणि मग पूर्ण घसरतो. ए.ए.त "परवा प्यालो" हे उठून सांगायची सोय आहे आणि सांगितल्यावर पुढच्या आठवड्याची खुर्ची तशीच राहते. म्हणून शक्य असेल त्यानं दोन्ही धरावं. एकमेकांना आड येत नाही.

दर आठवड्याला जाणं परवडत नसेल तर ऑनलाइन मिटिंग आहेत, मराठीत आणि हिंदीतही. फोनवर झूम टाकून आत शिरायचं. शिरण्यापूर्वी तिथे दिसणारं नाव बदलायचं, नाहीतर पूर्ण नाव-आडनाव सगळ्यांना दिसतं. कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो. इअरफोन मात्र हवाच, दुसऱ्यांचं बोलणं घरात ऐकू जाऊ नये. घरात नेटवर्क नसेल तर धुऱ्यावर किंवा गोठ्याच्या बाजूला, जिथे रेंज आहे तिथे बसायचं. ज्या बाया स्वतः पितात त्यांच्यासाठी तर हीच वाट आधी सुचवतो. पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकटीनं जाणं खेड्यातल्या बाईला सोपं नाही, आणि फक्त बायांच्या मिटिंग ऑनलाइन सापडतात. पण फक्त ऑनलाइनवर राहू नये. पंधरा दिवसांतून एकदा प्रत्यक्ष, मध्ये दोन ऑनलाइन आणि रोज एक फोन, एवढं शेतकऱ्याला झेपतं. पहिल्या ९० दिवसांत ९० मिटिंग असं शहरात सांगतात. ते ऐकून इथला माणूस एकही करत नाही.

सहा महिने निभल्यावर आपल्याच गावात ग्रुप काढावा असं अनेकांना वाटतं. दोन-तीन पिणारे दारू सोडण्यासाठी एकत्र बसले तरी तो ए.ए. ग्रुप होऊ शकतो. फक्त उद्घाटनाला सरपंच, फोटो, आणि गावच्या व्हॉट्सअॅपवर पोस्ट, हे केलं की पुढच्या आठवड्यापासून कोणी येत नाही. आणि गाव लहान असेल तर गाव सोडून जवळच्या मोठ्या गावातच बसावं.

राहिलं तुमचं. सोबत जावं का, तर पहिल्यांदा खुली मिटिंग असेल तर जरूर जा, नंतर नको. तुम्ही बसलात की तो तुम्हाला ऐकवायला बोलेल. घरी आल्यावर "काय बोललास" हे विचारू नका, जेवायला वाढा. त्याला ओढत नेण्यात तुमची शक्ती घालवू नका. तुमच्यासाठी अल-अॅनॉन नावाच्या वेगळ्या मिटिंग असतात, पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी. तो जायला नाही म्हणाला तरी तुम्ही जाऊ शकता, तो पीत असला तरीही. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे तुमचं जाणं त्याच्यापेक्षा स्वस्त पडतं. तिथल्या बायांना विचारायचा पहिला प्रश्न मी सुचवतो: कापसाचा चुकारा हातात येतो त्या दिवशी तुम्ही पैशाचं काय करता? तो दिवस तुमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे येईलच. चुकारा कोणाच्या खात्यात जमा व्हावा हे त्याच्याशी आत्ताच, तो शुद्धीत असताना, बोलून ठेवा.